काजळसाळ आणली कोणी?

५ ऑक्टोबर १९३६, सोमवार

लेख परत आला. नापसंत म्हणून नाही, पसंत म्हणूनही नाही. शाळेतून आले तर नाना ओसरीवर पाकीट मांडीत घेऊन बसलेले. “जाड आहे,” म्हणाले. “जाड पाकीट परत येतं ते वाईट, असं म्हणतात.”

वाईटच. ‘मावळातील भाताच्या जाती व त्यांची नावे’ — चोवीस पानं, तीन पावसाळ्यांची पायपीट. पुण्याच्या मंडळाचे संपादक चिंतामणराव यांनी समासात तांबड्या पेन्सिलीनं जागोजाग एकच प्रश्न लिहिलाय : कोण म्हणतो? मोजले. त्रेचाळीस. ‘नाणे मावळात भात हेच मुख्य पीक आहे’ — कोण म्हणतो? अहो, घाटातून गाडीनं जाताना खिडकीबाहेर बघा की!

सोबत पत्र. “प्रत्येक विधानास आधार हवा. आधार म्हणजे सांगणाऱ्याचे नाव व गाव, ग्रंथ असल्यास पृष्ठ. तो त्याच वाक्यात, कंसात द्यावा. तळटिपा देऊ नयेत, आमच्या छापखान्यात बारीक खिळे नाहीत. ‘असे म्हणतात’ हा आधार नव्हे. डिसेंबरच्या आत सुधारून पाठविल्यास वार्षिक अंकासाठी विचार होईल.”

विचार व्हायलाच हवा. पुण्याच्या अध्यापिका विद्यालयात साहाय्यक अध्यापिकेची जागा निघाली आहे, आणि अर्जात ‘छापील संशोधन असल्यास उल्लेख करावा’ अशी एक ओळ आहे. मी माहेरी परत आले त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं तिसरीच्या मुलींना पाढे. आता मोठ्या मुलींना शिकवावंसं वाटतं.

नाना म्हणाले, “असे संपादक कजाग असतात, असं म्हणतात.”

कोण म्हणतं, नाना?

६ ऑक्टोबर, मंगळवार

शाळेत चंद्रिकेला पत्र दाखवलं. ती चौथीला शिकवते, आणि कशाचंच दडपण घेत नाही. “आधार!” म्हणाली. “आपल्याला कुणाचा आहे, की भाताला मिळावा?”

त्रेचाळिसातले तीस प्रश्न सोपे आहेत. कोणी सांगितलं ते माझ्या वहीत आहे, फक्त वाक्यात घालायचं राहिलं होतं. बारा पुस्तकांतले आहेत, त्यांचे पृष्ठांक मिळतील. खरा काटा एकच. काजळसाळ.

टरफल काजळासारखं काळं, आतला दाणा पांढराशुभ्र, शिजताना वास शेजारच्या घरात. फक्त करंजवाडीच्या शिवारात पिकते. मी लिहिलं होतं : ‘हे बी पाटील घराण्यातील एका पूर्वजाने कोकणातून घोड्यावरून आणले, ते त्याने पागोट्यात बांधले होते, असे म्हणतात.’ चिंतामणरावांची पेन्सिल तिथं इतकी दाबली गेलीय की कागद फाटलाय.

दुपारी शकूच्या निबंधात ‘गाय हा उपयुक्त पशू आहे’ वाचलं आणि हातून आपोआप लिहिलं गेलं — कोण म्हणतो? शकू रडायला लागली. म्हणाली, “बाई, तुम्हीच म्हणालात.”

११ ऑक्टोबर, रविवार

तळेगावला गेले. मी पागोट्याची गोष्ट जिथून घेतली त्या ‘मावळची माहिती’ या पुस्तिकेचे कर्ते श्रीपादराव, निवृत्त हेडमास्तर, तिथं राहतात. बागेत पपईला पाणी घालत होते.

“पृष्ठ चौदावर आपण लिहिलंय, पागोट्याचं. ते कशावरून?”

“कशावरून म्हणजे? सर्वश्रुत आहे.”

“कोणी श्रुत केलं?”

त्यांनी झारी खाली ठेवली. माझ्याकडे मी व्याकरणात नापास झाल्यासारखं बघितलं. मग आत जाऊन अर्ध्या तासानं एक चोपडी घेऊन आले. १९२२ सालच्या शेतकी प्रदर्शनाची माहितीपुस्तिका. त्यात अक्षरशः तेच वाक्य, आणि शेवटी : ‘असे करंजवाडीचे रखमाजी पाटील सांगतात.’

श्रीपादरावांनी पाटलांचं नाव तेवढं गाळलं होतं. विचारलं तर म्हणाले, “वाक्य लांब होत होतं.”

१८ ऑक्टोबर, रविवार

सकाळच्या पॅसेंजरनं कामशेत, तिथून दोन मैल बांधाबांधानं करंजवाडी. पाटील वडगावला गेलेले. हात हलवत परत कशाला जा, म्हणून धोंडाबाईकडे गेले. माझ्या वहीतली निम्मी नावं तिनंच सांगितलेली आहेत. पन्नाशीची बाई, पडवीत लवकर येणारं हळवं भात पाखडत बसली होती. सूप थांबलं नाही.

तिला म्हटलं, मावशी, आता तुमचं नाव छापून येणार. जे जे तुम्ही सांगितलंत त्याच्यापुढं कंसात.

“कौंस म्हंजी?”

मातीत काढून दाखवला. एक वाकडी रेघ, दुसरी वाकडी रेघ, मध्ये तिचं नाव.

“द्येवकीच्या भावानं कोंडलं तसं?”

“नाही हो. हा मानाचा कंस.”

“कंसाकडं कसला मान? भाचरं मारली त्यानं.” मग जरा वेळानं, “आन् म्होरं काय लिवनार?”

“धोंडाबाई, करंजवाडी, तोंडी.”

“तोंडी म्हंजी?”

“तोंडानं सांगितलेलं.”

“मग काय नाकानं सांगनार व्हते?”

हसून हसून माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. जाता जाता सहज विचारलं, काजळसाळ पाटलांच्या पूर्वजानं पागोट्यातून आणली ना? तेव्हा मात्र सूप थांबलं.

“पाटलाच्या? माझ्या सासूनं आनली. सरुबाईनं. कर्जतकडनं घाट चढून सासरी आली, तवा तिच्या आईनं मूठभर बी फडक्यात बांधून बुचड्यात खवलं. बाप बी द्याया राजी न्हवता, म्हनून चोरून. हितं पयल्यांदा येनी घालाया केस सोडलं, तवा समद्या बायकांम्होरं भात सांडलं. सासूची सासू म्हनली, सून हाय का कणगी?”

तीन वर्षं येते आहे, हे कधी बोलली नव्हती. का नाही सांगितलंत, विचारलं.

“तुमी इचारलंच न्हाई. तुमी नावं इचारायचा. मी नावं सांगायचे.”

१९ ऑक्टोबर, सोमवार

दोन गोष्टी. दोन्हीत कोकण, दोन्हीत डोकं. एकीत पागोटं, एकीत बुचडा. लिहू कोणती?

८ नोव्हेंबर, रविवार

पाटील भेटले. रखमाजी पाटील आमच्या शाळेच्या कमिटीवर आहेत, वर्षातून दोनदा येऊन मुलींना ‘स्वच्छ ऱ्हावा’ असं सांगतात, आणि त्यांच्या सहीनंच माझा पुण्याचा अर्ज पुढं जाणार आहे. म्हणून जरा बेतानं बोलायचं ठरवलं होतं.

गरज पडली नाही. काजळसाळीचं नाव काढताच ते उठले, आत गेले, आणि ताटात ठेवून एक पागोटं घेऊन आले. ताटात हळदकुंकू. पागोटं जुनं, विटलेलं, एका बाजूनं कसर लागलेली.

“ह्येच त्ये.”

मी नमस्कार केला. करावाच लागला, घरातली माणसं बघत होती.

मग विचारलं, ही हकीकत आपल्याला कोणी सांगितली?

“कुनी म्हंजी? पुस्तकात छापलीया की. शिरपादरावाच्या.”

“श्रीपादरावांनी प्रदर्शनाच्या चोपडीतून घेतली. चोपडीत लिहिलंय, रखमाजी पाटील सांगतात.”

“सांगितली की म्या.”

“तुम्हाला कोणी सांगितली?”

पाटील विचारात पडले. मग भिंतीकडे बोट केलं. काचेच्या चौकटीत एक कात्रण, पिवळं पडलेलं. ‘घाटमाथा’ नावाच्या साप्ताहिकातलं, सन १९०९, आता ते साप्ताहिक नाही. संपादकास पत्र, खाली सही ‘एक मावळवासी’.

“आमच्या बापाला ह्ये कुनीतरी वाचून दावलं. तवा तेनी चौकट केली.”

“आणि त्याच्या आधी घरात ही गोष्ट माहीत होती?”

“न्हाई बा. कागद आला तवाच कळलं आमास्नी. बाप म्हनला, आपला आजा घोड्यावर बसायचा, म्हंजी त्योच आसनार.”

“आणि हे पागोटं?”

“माळ्यावर गावलं.”

कात्रण अक्षरशः उतरवून घेतलं. चिंतामणरावांना केवढा आनंद होईल! पुस्तिकेला चोपडीचा आधार, चोपडीला पाटलांचा, पाटलांना कात्रणाचा. कात्रणाला भिंतीतल्या खिळ्याचा.

१० नोव्हेंबर, मंगळवार

हे कसं लिहावं कळत नाही. घडलं तसं लिहिते.

संध्याकाळी नाना ओसरीवर सुपारी कातरत होते. मी उतरवून आणलेलं पत्र त्यांना वाचून दाखवत होते, भाषेची गंमत म्हणून. “...तो वीर अश्वारूढ होऊन दुर्गम घाट चढला, आणि शिरोभागी, पागोट्याच्या —”

“— सातव्या पेचात ते अमोल बीज विसावले होते,” नाना म्हणाले.

मी कागद बघितला. सातव्या पेचात. तसंच.

“नाना, हे तुम्ही वाचलं होतंत?”

“लिहिलं होतं.”

अडकित्ता चालूच. मग सांगितलं. तेव्हा ते कामशेतला पार्सल क्लार्क होते. ‘घाटमाथा’चे संपादक दर आठवड्याला काहीतरी मागायचे. एकदा दरड पडून गाडी चार तास अडकली, तेव्हा बसल्या बसल्या लिहिलं.

“पण आधार काय?”

“आधार कसला? रचलं.”

“घोडा?”

“रचला.”

“पाटलांचा पूर्वज?”

“बी आणायला कोणीतरी हवा ना. पाटील बरा दिसतो.”

म्हणजे सत्तावीस वर्षं दोन पुस्तकं, एक चौकट आणि हळदकुंकू वाहिलेलं एक पागोटं — सगळं माझ्या वडलांच्या चार रिकाम्या तासांवर उभं आहे. आणि मी त्रेचाळीस वेळा ‘कोण म्हणतो’चं उत्तर शोधत तळेगाव-करंजवाडी पालथं घातलं. उत्तर इथं बसून सुपारी कातरत होतं.

११ नोव्हेंबर, बुधवार

नानांनी सकाळी पेपरही उघडला नाही. मी समजावलं, लेखात तुमचं नाव घालणार नाही. ‘पत्रलेखकाने ही कथा कल्पिली असे कळते’ एवढंच लिहीन.

“कळते? कोणाकडून कळते?” नाना म्हणाले. “तो तुझा संपादक पेन्सिल घेऊन बसलाय.”

नंतर त्यांनी ट्रंकेतून एक पुडकं काढलं. त्यात तेच कात्रण. आयुष्यात छापून आलेली एकच गोष्ट, आणि तीही बिननावाची. सत्तावीस वर्षं जपून ठेवलेलं, आणि मला माहीत नाही. आईला माहीत होतं का, ते विचारायचा धीर झाला नाही.

जेवताना म्हणाले, “घाल नाव. पूर्ण घाल. अडुसष्टाव्या वर्षी का होईना, छापून येतंय.”

“खोटं रचलं म्हणून येईल, नाना.”

“कवीही रचतातच.”

२२ नोव्हेंबर, रविवार

पाटलांना सांगायला हवंच होतं. छापील अंकातून कळण्यापेक्षा तोंडावर कळलेलं बरं (चंद्रिका, शिक्षकांची खोली, तोंडी). तिलाच बरोबर नेलं.

पाटलांनी सगळं ऐकून घेतलं. उठून भिंतीवरची चौकट जराशी सरळ केली.

“मंग घोडा?”

“घोडाही नाही.”

“आजा घोड्यावर बसायचा ह्ये तर खरंय.”

“असेल. पण बी आणायला नाही.”

“मंग ह्ये पागोटं कुनाचं?”

आत पाटलीणबाईंची भांडी वाजायची थांबली होती. मग पाटील खाकरले. “कमिटीची बैठक पंधरा तारखेला हाय बरं का, बाई. तुमचा अर्ज हाय त्यात.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. चंद्रिकेनं माझा पदर ओढला.

मी उठले. दारापर्यंत आल्यावर पाटलांनी हाक मारली.

“बाई, समद्यांची नावं लिवनार, म्हनला. ज्यो ज्यो काय म्हनंल, त्येचं?”

“हो. कंसात.”

“मंग माझं बी लिवा. रखमाजी पाटलाला ह्ये मान्य न्हाई म्हून.”

तिथंच उंबऱ्यावर बसून लिहिलं आणि वाचून दाखवलं : ‘(रखमाजी पाटील, करंजवाडी, तोंडी, यांस वरील मत मान्य नाही.)’ त्यांनी दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा घरातल्या सगळ्यांना बोलावून. मग म्हणाले, “अर्जाची काळजी करू नगा.”

परतीच्या वाटेवर चंद्रिका म्हणाली, “माणसाला खरं ठरण्यापेक्षा छापून येण्याची हौस जास्त.”

२६ नोव्हेंबर, गुरुवार

आता धोंडाबाईची गोष्ट उरली. दोन दिवस डोकं खाजवलं. पत्र १९०९ चं. नानांनी रचलेलं. धोंडाबाईची गोष्ट मी ऐकली १९३६ मध्ये, आणि ती पत्राशी इतकी जुळते : कोकण, घाट, डोक्यावर बी. रचलेल्या गोष्टीशी खरी गोष्ट जुळेल कशी? तेव्हा उलगडा एकच. पत्र गावात वाचलं गेलं, लोकांत पसरलं, आणि सांगता सांगता पागोट्याचा बुचडा झाला. तसं लिहिलं : ‘धोंडाबाई सांगतात ती कथा (करंजवाडी, तोंडी) ही मूळ पत्रावरूनच लोकांत पसरून बदललेली असावी.’

चोख अनुमान. वाचून स्वतःवर खूश झाले.

२९ नोव्हेंबर, रविवार

ते वाक्य धोंडाबाईला वाचून दाखवलं. तिचं नाव आहे, तिला ऐकायचा हक्क आहे.

पुढ्यात नुकतं मळलेलं काजळसाळीचं भात होतं, ती त्यातले खडे वेचत राहिली.

“म्हंजी म्या कागदावरनं चोरलं.”

“चोरलं असं नाही, मावशी. ऐकलेलं मनात राहतं, मग आपलंच वाटायला लागतं.”

“मला अक्षर येत न्हाई.”

“पाटलांच्या ओसरीवर वाचलेलं ऐकलं असेल.”

“पाटलाच्या ओसरीवर आमास्नी कोन बसवतंय?”

मी म्हटलं, पद्धत अशी असते, दोन गोष्टी जुळल्या तर आधी लिहिलेली कोणती ते बघतात.

“आन् आधी घडलेली?”

नेहमी ती मला पाणंदीपर्यंत सोडायला येते. आज आली नाही. खडे फार असतील.

३ डिसेंबर, गुरुवार

लेख पोस्टात टाकला. अठ्ठावीस पानं, एकोणपन्नास कंस. वाक्य तसंच ठेवलं. पद्धत ती पद्धत.

नीट झोप लागत नाही. हवा बदलली असेल. (आधार नाही.)

२१ डिसेंबर, सोमवार

चिंतामणरावांचं कार्ड! “लेख स्वीकृत. आधार देण्याची रीत समाधानकारक. विशेषतः पृष्ठ सातवरील अनुमान — छापील पत्रावरून तोंडी कथा निपजल्याचे — उत्तम व निर्भीड. रा. विनायक रामचंद्र उकिडवे यांची कबुली मिळविली हे स्पृहणीय. हे गृहस्थ आपल्या परिचयाचे आहेत काय?”

नानांना दाखवलं. त्यांनी कार्डावर स्वतःचं नाव दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. “‘रा.’ लावलंय. राजश्री,” म्हणाले. मग पृष्ठ सातवर काय आहे ते विचारलं. मी सांगितलं, करंजवाडीच्या एका बाईची गोष्ट तुमच्या पत्रावरून निघाली, ते दाखवलंय.

“कोण बाई?”

“धोंडाबाई म्हणून आहे. तुम्ही ओळखत नाही.”

नाना हुं म्हणाले. त्या दिवशी सुपारी न खाताच आत गेले.

१६ जानेवारी १९३७, शनिवार

मुद्रितं आली. सोमवारच्या टपालानं तपासून परत हवीत. आपलं वाक्य खिळ्यांत बसलेलं बघणं, काय वाटतं ते सांगता येत नाही. सगळ्यांची नावं आहेत. पाटील आहेत, श्रीपादराव आहेत (पृ. १४). धोंडाबाई एकवीस ठिकाणी आहे. वीस ठिकाणी आधार म्हणून, एका ठिकाणी पुरावा म्हणून — तिच्याच विरुद्ध.

विद्यालयाचं पत्रही आलं. मुलाखत फेब्रुवारीत. येताना छापील लेख आणावा.

१७ जानेवारी, रविवार

दुपारी दारात धोंडाबाई. अकरा वर्षांत पहिल्यांदा करंजवाडीचं कोणी आमच्या दारी आलं. डोक्यावर गाठोडं. घामाघूम. कामशेतहून गाडीनं आली, स्टेशनवर ‘लिवनारी मास्तरीण कुटं ऱ्हाती’ विचारत विचारत.

मी आत घेतलं, पाणी दिलं. तिनं गाठोडं सोडलं. उखळात कांडलेली काजळसाळ, चार-पाच शेर असेल.

“ह्ये न्या पुन्याला. त्येंना शिजवून घाला. खानाऱ्याला कंस लागत न्हाई.”

मला मान वर करता येईना. मग ती मुद्द्याचं बोलली.

“बाई, येक काम करा. त्या चोरलेल्या गोष्टीपाशी माझं नाव हाय, त्ये ऱ्हाऊ द्या. पर सासूचं काढा. मेलेल्या मानसाला खोटं पाडू नगा. म्या खोटी, तर खोटी. मी जित्ती हाय, भांडंन.”

मी म्हटलं, मावशी, सासूबाईंचं नाव तिथं नाहीच. पण ते म्हणताना माझाच आवाज मला बरा वाटला नाही. सरुबाईचं नाव तिथं नाही हेच तर वाईट.

तेवढ्यात नाना शेजारून पेपर घेऊन आले. उंबऱ्यातच थबकले. धोंडाबाईनं पदर सारखा केला, त्यांच्याकडे बघितलं, आणखी बघितलं.

“तुमी कामशेतचं पार्सलबाबू न्हवं का?”

नानांनी पेपराची घडी घातली.

“व्हय की. आता क्यास पांढरं झालं. म्या तांदूळ घेऊन यायचे ठेसनावर, नवी सून व्हते. तुमी काजळसाळ घेयाचा. दरड पडल्याली, तवा दुपारभर बाकड्यावर बसलो न्हवं का समदी?” ती माझ्याकडे वळली. “लय चांगला मानूस. बायामानसांचं बोलनं आयकून घेयाचा. मधी मधी लिवायचा बी.”

नाना “असेल” म्हणाले आणि आत गेले. चहा केला, बाहेर आले नाहीत. मी हाक मारली, आले नाहीत. धोंडाबाई चारच्या गाडीनं गेली. मी स्टेशनवर सोडायला गेले. डब्यात चढताना तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, का ते कळलं नाही.

परत आले तर नानांच्या खोलीचं दार लोटलेलं. मी ठोठावलं नाही.

१८ जानेवारी, सोमवार

सकाळी उठले तर मुद्रितं माझ्या टेबलावर नव्हती, नानांपुढं होती. पृष्ठ सातवरचं उत्तम अनुमान आडव्या रेघेनं खोडलेलं. समासात त्यांच्या पार्सलच्या पावत्यांवरच्या नीट अक्षरात : ‘सदर पत्रलेखकाने ही हकीकत रचली नाही. ती त्याने १९०९ साली कामशेत स्टेशनवर धोंडाबाईंकडून, त्यांच्या सासू सरुबाई यांच्याविषयी म्हणून ऐकली. बुचड्याचे पागोटे केले, व दोघींची नावे गाळली.’ खाली सही, तारीख.

“रचलं म्हटलं की माणूस हुशार ठरतो, इंदू,” म्हणाले. “म्हणून तसं म्हणत राहिलो. मग मलाही खरं वाटायला लागलं.”

कोट चढवला. टोपी दोनदा झटकली. मग दाराशी उभं राहून मला विचारलं, “तिच्याकडे जाताना काय घेऊन जावं?”